ए समरी झालेले जुने खून आता उकलता येतील का?

तापीकाठ
राम राम मंडळी. कॅलिफोर्नियात १९७४ ते १९८६ या काळात घरफोड्या, बलात्कार आणि खून करत फिरलेला एक माणूस एप्रिल २०१८ मध्ये पकडला गेला. जोसेफ डीअँजेलो. म्हातारा झाला होता, आणि तरुणपणी स्वतः पोलिसात होता! २०२० मध्ये त्याने १३ खुनांची कबुली दिली आणि मरेपर्यंत तुरुंगाची शिक्षा झाली. ना खबरी, ना नवा साक्षीदार. एका जुन्या खुनात घेतलेला नमुना कुणीतरी जपून ठेवला होता, त्यावरून तो सापडला.

तेव्हापासून मला आपला जळगाव-धुळे-नंदुरबारचा पट्टा डोळ्यांपुढे दिसतो. पाटाच्या कडेला, केळीच्या बागेत, रुळांजवळ, घाटात सापडलेली प्रेतं. पेपरात चार ओळी येतात, 'ओळख पटली नाही' म्हणून लिहितात आणि पुढे काही वर्षांनी ए समरी होते. म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही, म्हणून फाईल बंद. यातले काही खून एकाच माणसाने केले असतील तर आपल्याला ते कधी कळलं असतं का? आणि आज कुणी मनावर घेतलं तर सुरुवात कुठून करायची? माहितगारांनी मोकळेपणाने लिहावं.

भुसावळकर
चांगला विषय काढलात दादा. आमचं अख्खं गाव रेल्वेचं, त्यामुळे रुळावरची प्रेतं लहानपणापासून ऐकत आलोय. गाडीखाली सापडलेला माणूस अपघातात गेला, त्याने जीव दिला की मारून आणून टाकला, हे ठरवणार कोण? पंचनाम्यात 'रेल्वेखाली सापडून मयत' लिहिलं की अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि विषय संपतो. त्यात हद्दीचा घोळ. स्टेशनाच्या आत लोहमार्ग पोलीस, बाहेर शहर किंवा तालुका ठाणं. सुरतेहून नंदुरबार-अमळनेरवरून येणारी लाईन पश्चिम रेल्वेची, भुसावळ मध्य रेल्वेचं. सुरतेच्या गाडीतून पडलेल्या बाईची नोंद एकीकडे आणि तिला शोधणारे घरचे लोक तिसरीकडे.

सातपुडा_पायथा
भाऊ, तुम्हनं म्हननं बराबर शे. पन जुना कागद कोन दखस?

केळीबाग
सिरियल किलर हा प्रकार मोठ्या शहरांतला वाटतो. रमन राघव मुंबईतला. कोलकात्यात १९८९ मध्ये फुटपाथवर झोपलेल्या १३ जणांना दगडाने ठेचून मारलं, तेही शहरातच. आपल्याकडे खून म्हटला की बांधाचं भांडण, जमिनीचा वाद, नाहीतर संशय. मारणारा ओळखीतलाच असतो आणि दुसऱ्या दिवशी गावाला ठाऊक असतो. खान्देशात असलं काही असेल असं मला वाटत नाही.

अमळनेरची_सून
@केळीबाग, तुमच्या प्रतिसादातच उत्तर आहे. ओळखीतल्या माणसाने केलेले खून उघडकीस येतात, म्हणून आपल्याला वाटतं की सगळे तसेच असतात. न उकललेल्यांत कोण होतं, ते कुणी पाहिलंय?

आणि मानवत विसरलात का? १९७२ ते ७४, परभणी जिल्हा. ते काही शहर नव्हे. बायका आणि लहान मुली एकामागून एक मारल्या जात होत्या आणि सुरुवातीला स्थानिक तपासात काही हाती लागत नव्हतं. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांना मुंबईहून पाठवल्यावर तपासाला वळण लागलं. १९६८ मध्ये रमन राघवला पकडलं तेव्हा तपासही कुलकर्णींकडेच होता. आणि रमन राघव त्याआधी १९६५-६६ मध्ये मध्य रेल्वेच्या कडेने हल्ले झाले तेव्हा पोलिसांच्या ताब्यात येऊन सुटला होता. हातात आलेला माणूस सुटला आणि पुढे आणखी माणसं मेली. जुने कागद लगेच हाताशी मिळायला हवेत ते यासाठी.

निवृत्त_जमादार
नोकरी पोलिसात झाली, आता शेतीत आहे. जिल्हा आणि ठाणं सांगत नाही. तापीकाठ यांनी विचारलंय सुरुवात कुठून करायची. माझ्या मते मुद्देमालाच्या खोलीपासून.

खुनाचा मुद्देमाल कसा असतो ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मयताचे कपडे, रक्ताची माती, साधी माती, दगड किंवा कुऱ्हाड, काय असेल ते वेगवेगळं बांधायचं. कापडात शिवायचं, सुतळी, त्यावर लाखेचं सील. वर चिठ्ठी, चिठ्ठीवर गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, तारीख आणि दोन पंचांच्या सह्या. मग मुद्देमाल रजिस्टरला नोंद आणि कारकुनाच्या ताब्यात. इथपर्यंत आपली पद्धत उत्तम आहे, अगदी जुन्या काळापासून.

पुढे खोलीला खिडकी नसते. पावसाळ्यात भिंतीला ओल येते. उंदीर सुतळी कुरतडतात, चिठ्ठ्या गळून पडतात, आणि चिठ्ठी गेली की त्या गाठोड्याला कोर्टात किंमत उरत नाही. रक्ताचे कपडे घाईत ओले बांधले असतील तर बुरशी लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले तर आणखी लवकर. कपडा सावलीत वाळवून कागदात ठेवायचा, हे आम्हाला फार उशिरा शिकवलं. ए समरी मंजूर झाली की बिनकिमती मुद्देमाल नाश करण्याचा हुकूमही होतो, कारण खोलीत जागा नसते. जाळलेल्या गाठोड्यांत काय होतं ते आता कुणी सांगू शकणार नाही.

म्हणून उद्या कुणी अधिकारी मनावर घेणार असेल तर त्याने आधी यादी करावी. कोणत्या जुन्या गुन्ह्यांचा मुद्देमाल प्रत्यक्ष शिल्लक आहे, सील शाबूत आहे, चिठ्ठी वाचता येते. तेवढेच गुन्हे हातात घ्यावेत.

गिरणाकाठ
+१. जमादार काका, असं अनुभवाचं आणखी लिहा.

नाशिकची_लॅब
मी मूळची पाचोऱ्याची, शिक्षण फॉरेन्सिकचं. डीअँजेलोच्या प्रकरणात नेमकं काय केलं ते सांगते, कारण 'डीएनए जुळला' एवढंच सगळीकडे लिहिलं जातं.

पोलीस नेहमी जी चाचणी करतात तिला एसटीआर म्हणतात. डीएनएमधल्या ठरावीक वीसेक जागा बघायच्या आणि पोलिसांकडच्या नमुन्यांच्या साठ्यात तोच माणूस आहे का ते तपासायचं. माणूस साठ्यात नसेल तर उत्तर शून्य. डीअँजेलो साठ्यात नव्हता. मग २०१७-१८ मध्ये त्याच जुन्या नमुन्यातून लाखो जागांची माहिती काढली आणि लोक हौसेने आपले पूर्वज शोधायला जिथे माहिती टाकतात त्या जीईडीमॅच नावाच्या संकेतस्थळावर घातली. सापडले ते लांबचे नातलग. खापरपणजोबांच्याही मागच्या पिढीतलं जोडपं समान असलेले. तिथून वंशावळींच्या अभ्यासक बार्बरा रे-व्हेंटर आणि सहकाऱ्यांनी खाली येत वंशवृक्ष मांडला. त्या वयाचे, त्या भागात राहिलेले पुरुष निवडत शेवटी एक नाव उरलं. तेवढ्यावर अटक केली नाही. त्याच्या गाडीच्या दाराच्या मुठीवरून आणि कचऱ्यात टाकलेल्या टिश्यूवरून नमुना घेतला, तो नेहमीच्या चाचणीत जुळला आणि मगच बेड्या पडल्या.

आपल्याकडे हे जसंच्या तसं चालणार नाही. एक तर लोकांनी स्वतःहून भरलेला असा मोठा साठाच इथे नाही. दुसरं म्हणजे आपण पिढ्यान् पिढ्या जातीतच, शे-दोनशे गावांच्या वर्तुळात लग्नं करतो. मामेबहीण-आतेभाऊ लग्नंही होतात. त्यामुळे दोन माणसांत समान डीएनए अपेक्षेपेक्षा जास्त निघतो आणि लांबचा नातलग जवळचा भासतो. झाड मांडताना एकच माणूस तीन वाटांनी नातलग निघतो.

गिरणाकाठ
तीन वाटांनी? आमच्या गावात पाच वाटा निघतील ताई! लग्नात जेवायला बसलं की पंगतीतला प्रत्येक जण कोणत्या तरी बाजूने व्याही असतो.

जुनी_वही
अवांतर आहे, पण राहवत नाही. वंशावळ मांडून गुन्हेगार शोधणं आपल्या मातीला नवं नाही. १८३० च्या दशकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांचा बंदोबस्त केला तेव्हा माफीच्या साक्षीदारांकडून ठग घराण्यांच्या वंशावळीच लिहून घेतल्या होत्या. कोण कुणाचा मुलगा, कोण पकडला, कोण मोकळा. शिवाय आपल्याकडे भाटांच्या वह्या आहेत, त्र्यंबकेश्वरला उपाध्यांकडे नामावळी आहेत. माझ्या आजोबांची सही मी तिथे पाहिली आहे, निळ्या शाईतली. डीएनएने कुळापर्यंत आणलं तर पुढचं काम या वह्यांवरून होऊ शकेल.

रानवाट
@जुनी_वही, थोडं थांबा. तुम्ही स्लीमनचं कौतुकाने लिहिलंत. माझ्या समाजाच्या अंगावर काटा येतो. त्या वंशावळींच्या वाटेनेच पुढे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. जन्मलेलं मूल गुन्हेगार. पारधी, भामटा, कंजारभाट, कितीतरी जमाती. हजेरी दिल्याशिवाय गाव सोडता येत नव्हतं. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, पण आजही कुठे दरोडा पडला की गाडी आधी आमच्या पालावर येते.

आता नमुने घ्यायला सुरुवात केलीत तर आधी कुणाचे घेणार? ज्यांना वारंवार उचललं जातं त्यांचेच ना? २०२२ च्या ओळख कायद्याने पोलिसांना जैविक नमुने घेता येतात आणि नोंद ७५ वर्षं ठेवता येते. डीएनए कसा वापरावा यावर नियंत्रण आणणारं विधेयक मात्र २०२३ मध्ये सरकारने मागे घेतलं. म्हणजे गोळा करायला कायदा आहे, लगाम घालायला नाही. साठ्यात आमचीच माणसं भरली असतील तर जुळणीही आमच्याच घरात होणार, खरा मारेकरी वाड्यात बसलेला असला तरी.

जुने खून उकला, जरूर उकला. मेलेल्यांत आमचीही माणसं आहेत, त्यांची तर फिर्यादसुद्धा कुणी लिहून घेतली नाही. पण संशयिताच्या नमुन्यापासून सुरुवात करू नका. मेलेल्या माणसापासून करा.

नाशिकची_लॅब
रानवाट दादा, पूर्ण सहमत. डीएनएने सोडवलेल्या पहिल्या खून-प्रकरणाची सुरुवात तर एका निरपराधाला सोडण्यापासून झाली. इंग्लंडात लेस्टरशायरमध्ये १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले. सतरा वर्षांच्या एका पोराने दुसरा खून कबूलही केला. अ‍ॅलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञाच्या डीएनए चाचणीने दाखवलं की दोन्ही खुनांतला माणूस एकच, पण हा पोरगा नव्हे. मग आसपासच्या सुमारे पाच हजार पुरुषांचं रक्त तपासलं. खऱ्या खुन्याने, कॉलिन पिचफोर्कने, आपल्या जागी सोबतच्या कामगाराला रक्त द्यायला पाठवलं होतं. त्या कामगाराने दारूच्या गुत्त्यात तोंड उघडलं तेव्हा बिंग फुटलं. १९८८ मध्ये जन्मठेप झाली.

धुळ्याचा_वकील
कायद्याचं थोडक्यात सांगतो. खुनाला मुदतीची अडचण नाही. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांनाच मुदत आहे. ए समरी झाली म्हणजे फाईल कायमची मेली असंही नाही, नवा पुरावा आला तर पुढील तपास करता येतो. १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी फॉरेन्सिक तज्ज्ञ नेण्याची तरतूद आहे. म्हणजे आजचा खून तीस वर्षांनी उकलायची वेळ आली तर निदान हाताशी काही असेल.

पण मला खरी भीती कबुलीजबाबाची वाटते. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही ते उगाच नाही. अमेरिकेत हेन्री ली लुकास नावाच्या माणसाने १९८० च्या दशकात शेकडो खून कबूल केले. वेगवेगळ्या राज्यांतले पोलीस येत, फाईल दाखवत, हा मान डोलावे, फाईल बंद होई. पुढे निघालं की कित्येक खुनांच्या वेळी तो तिथे नव्हताच. मधल्या काळात ते खरे मारेकरी मोकळे होते. दिल्लीजवळच्या निठारीतलं मुलांच्या खुनांचं प्रकरण बघा. २००६ मध्ये सगळ्या देशाने निकाल देऊन टाकला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं आणि तपासावर कडक ताशेरे मारले. मुलं तर मेलीच होती, आणि त्यांच्या आईबापांच्या हातात आज काही नाही.

म्हणून 'एकच माणूस' हा संशय डोक्यात ठेवा, पण प्रत्येक खून स्वतंत्र सिद्ध करा. संशयित सापडला की जिल्ह्यातल्या सगळ्या फायली त्याच्या गळ्यात बांधायचा मोह होतो. तपास तिथेच नासतो.

सिस्टर_चोपडा
सरकारी दवाखान्यात नोकरी आहे, पीएमच्या (शवविच्छेदनाच्या) कामाला मदत करावी लागते. दोन गोष्टी सांगते. व्हिसेरा (पोटातले अवयव) राखून ठेवतात तो मिठाच्या संपृक्त द्रावणात, विषाच्या तपासणीसाठी. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलं तर डीएनए खराब होतो. बेवारस प्रेताचा दात किंवा मांडीचं हाड ठेवलं तर त्यातून पुष्कळ वर्षांनी डीएनए निघू शकतो.

दुसरी गोष्ट केरळच्या कूडत्तायीची. २००२ ते २०१६ या काळात नात्यातले सहा जण एकेक करून गेले. २०११ मध्ये त्यातल्या एकाच्या शवविच्छेदनात सायनाइड सापडलं होतं, तरी आत्महत्या धरून प्रकरण मिटलं. २०१९ मध्ये पुन्हा तपास झाला, थडगी उघडली आणि घरातल्याच सुनेला अटक करून खटला भरला. आपल्याकडे अग्नी देतात. उघडायला थडगं नाही. पीएमच्या दिवशी जे राखलं तेवढंच हातात राहतं, म्हणून त्या दिवशी घाई करू नये.

केळीबाग
सगळं पटतंय, तरी प्रश्न उरतो. आज होणाऱ्या गुन्ह्यांना माणूसबळ पुरत नाही. लॅबचे अहवाल लवकर येत नाहीत. चाळीस वर्षांपूर्वीच्या मढ्यासाठी आजच्या जिवंत माणसाचा तपास मागे टाकायचा का? मारणारा बहुतेक मेलाही असेल.

पाटाकडची
मी इथे फक्त वाचत असते. आज लिहिते.

माझी मावशी १९८० च्या दशकात गेली. बाजाराला म्हणून निघाली, तिसऱ्या दिवशी पाटात सापडली. गळ्यावर खुणा होत्या. डाव्या हातावर तुळस गोंदलेली होती, खाली तीन ठिपके, त्यावरून माझ्या आईने ओळखली. मारणारा मिळाला नाही. ठाण्यात आजोबा जात राहिले, त्यांना बाकावर बसवून ठेवायचे, मग सांगायचे साहेब बाहेर आहेत. गावात मात्र बोलणं थांबलं नाही. मावशीच तशी असेल, कुणाबरोबर गेली असेल. तिच्या नवऱ्यावर संशय घेतला गेला, तो गाव सोडून गेला. त्याने मारलं नसेल तर त्याचंही आयुष्य गेलं ना?

@केळीबाग दादा, मारणारा मेला असेल तर मेला असेल. आई ऐंशीच्या घरात आहे. तिला कुणाला फाशी द्यायची नाही. ती फक्त विचारते की बाईला मारलं कुणी.

केळीबाग
ताई, तुमच्या आईला नमस्कार सांगा. माणूसबळाचं माझं म्हणणं कायम आहे, पण हे काम स्वतंत्र लहान पथकाला द्यावं, ठाण्याच्या गळ्यात घालू नये. मग माझी हरकत नाही.

निवृत्त_जमादार
पाटाकडची ताई, गोंदण तुमच्या आईने ओळखलं, आणि ते मरणोत्तर पंचनाम्यात लिहिलेलं असणार. आम्ही लिहायचोच. 'अंदाजे वय, बांधा सडपातळ, रंग सावळा, अंगात अमुक रंगाचं लुगडं, हातावर अमुक गोंदलेलं.' पुरुष असला तर सदऱ्याच्या कॉलरचं शिंप्याचं लेबलही. ज्या बायकांची ओळखच पटली नाही त्यांच्या पंचनाम्यांतही हे सगळं पडून आहे. गोंदणावरून तालुका सांगणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत, आणखी काही वर्षांनी नसतील. रानवाट म्हणाले तेच खरं, मेलेल्या माणसापासून सुरू करा. ती कोण होती हे कळलं की ती शेवटची कुणाबरोबर दिसली हे विचारता येतं. त्याआधी विचारणार कुणाला?

भुसावळकर
अमेरिकेत १९८५ मध्ये एफबीआयने यासाठीच यंत्रणा उभी केली. एका राज्यातला खून दुसऱ्या राज्यातल्या खुनासारखा आहे का ते बघायला. आपल्याला तर पळासनेर ओलांडलं की सेंधवा, मध्य प्रदेश. नवापूर ओलांडलं की गुजरात. कन्नड घाट चढलं की मराठवाडा. ट्रकवाला एका रात्रीत सगळं पालथं घालतो.

गिरणाकाठ
अमेरिकेतल्या ग्रीन रिव्हर खुनांमधल्या गॅरी रिजवेची लाळ १९८७ मध्येच घेऊन ठेवली होती, तेव्हा तपासायचं तंत्र नव्हतं. २००१ मध्ये तीच लाळ तपासली आणि तो सापडला. ४८ खून कबूल केले. चौदा वर्षं ज्याने तो नमुना सांभाळला त्या कारकुनाचं नाव कुणाला माहीत नाही.

धुळ्याचा_वकील
आता मूळ प्रश्नावर येऊ. कागद कोण दखस, असं सातपुडा_पायथा यांनी विचारलंय. आपण बघू शकतो. माहिती अधिकारात पोलीस 'तपासात अडथळा येईल' म्हणून कलम ८(१)(ज) लावून नकार देतात. पण ८(३) प्रमाणे वीस वर्षांपेक्षा जुन्या घटनेला ही सबब चालत नाही. शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी रेकॉर्ड रूममधले मोडीतले कागद शोधून काढता आले. खुनाचे कागद तर देवनागरीत आहेत.

मागणी मोघम करू नका. १९७५ ते २००० या वर्षांतले ए समरी झालेले खुनाचे गुन्हे, ठाणेवार. त्यापैकी किती गुन्ह्यांचा मुद्देमाल शिल्लक आहे, किती नाश केला आणि कोणत्या हुकुमाने. आणि याच वर्षांतल्या अनोळखी मयतांच्या नोंदी. बलात्काराच्या गुन्ह्यातलं पीडितेचं नाव मात्र मागू नये आणि छापूही नये, ते कायद्याने मना आहे. पाटाकडची ताई, तुमच्या आई वारस म्हणून पुढील तपासासाठी वेगळा अर्ज करू शकतात. तो मी लिहून देतो, फी नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

तापीकाठ
वकीलसाहेब, जळगाव जिल्ह्याचा अर्ज मी करतो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, म्हणजे शहादा-तळोद्याचं त्याआधीचं धुळ्याला मागावं लागेल ना?

धुळ्याचा_वकील
दोन्हीकडे मागा. एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं.

पाटाकडची
व्यनि केला आहे. आईकडे त्या वेळच्या पेपरचं कात्रण आहे, तारीख वाचता येते.

रानवाट
अनोळखी मयतांत पालावरच्या बायका असतील तर वर्णन मला पाठवा. गोंदण आणि दागिना यावरून आमच्याकडच्या आजीबाई सांगतील.

भुसावळकर
लोहमार्गचा अर्ज माझ्याकडे. उत्तर आलं की इथेच लावतो, नावं झाकून.

सातपुडा_पायथा
तळोदा आनि अक्कलकुवानं मी दखस.